ब्लॅकबर्न रोव्हर्स: एका थैलीवर चाललेला क्लब (धोतरापासून व्यंकीजपर्यंत)

अर्धानिळा (धागाकर्ता)

इथे रोव्हर्सचं नाव निघालं की चर्चा नोव्हेंबर २०१० ला सुरू होते आणि कोंबडीपाशी संपते. इंग्लंडमधल्या लँकेशायरचा हा फुटबॉल क्लब १८७५ चा आहे; पुण्याच्या व्यंकीज या कोंबडी-कंपनीने तो २०१० ला घेतला. "मालक पुण्याचे" एवढ्यावर आपली ओळख थांबावी हे बरं नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग भांडा. लाख-सव्वालाख वस्तीच्या गावाला पेलेल त्यापेक्षा हा क्लब कायम मोठा राहिला, आणि तो मोठेपणा दर वेळी कुणा एकाच्या खिशातून आला. थैली सुटली की विजेतेपद, आवळली की घसरण. दीडशे वर्षांत हे किमान तीनदा झालंय.

सुरुवात अगदी साधी. नोव्हेंबर १८७५, ब्लॅकबर्नमधलं सेंट लेजर हॉटेल, सतरा जण. पुढाकार जॉन लुइस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन यांचा. पहिला सामना १८ डिसेंबर १८७५ ला शेजारच्या चर्च गावाशी, १–१. स्वतःचं मैदान नव्हतं. नंतर जी जागा भाड्याने मिळाली ती गुरं चरायची. मधोमध गुरांना पाणी पाजायचं डबकं होतं. त्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर गवताची ढेकळं बसवली आणि खेळले. मग अलेक्झांड्रा मेडोज, १८८१ पासून लेमिंग्टन स्ट्रीट आणि १८९० पासून आजतागायत ईवुड पार्क.

एफए कप (इंग्लिश फुटबॉल संघटनेची, म्हणजे एफएची, बाद पद्धतीची स्पर्धा): १८८४, १८८५, १८८६, १८९०, १८९१, १९२८. लीग: १९११–१२, १९१३–१४, १९९४–९५. लीग कप: २००२. फुटबॉल लीग आणि प्रीमियर लीग या दोन्हींचे संस्थापक सदस्य असलेले क्लब तीनच: ॲस्टन व्हिला, एव्हर्टन आणि हे.

कोपरा_किक

१८८३ राहिला की! त्या वर्षीही कप ब्लॅकबर्नलाच गेला होता ना?

अर्धानिळा

गावाला गेला, क्लबला नाही. ही गल्लत सगळे करतात. १८८३ चा कप ब्लॅकबर्न ऑलिंपिकचा. वेगळा क्लब, गिरणी-कारखान्यातल्या कामगारांचा. त्यांनी ओल्ड इटोनियन्सला जादा वेळेत २–१ हरवलं आणि बड्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची सद्दी संपवली. आदल्या वर्षी, २५ मार्च १८८२ ला, रोव्हर्स त्याच इटोनियन्सशी ओव्हलवर अंतिम सामना ०–१ हरले होते. त्या हंगामात ते तोवर ३५ सामने अपराजित होते. लंडनला जाऊन एकच हरले, तोही नेमका तो.

ऑलिंपिक १८८९ मध्ये बंद पडला. त्याच गावात, त्याच प्रेक्षकांवर दोन व्यावसायिक संघ पोसणं शक्य नव्हतं. रोव्हर्सकडे पैसेवाले होते, ऑलिंपिककडे नव्हते.

ऑफसाइड_आजोबा

पैशाचा विषय निघालाच आहे तर व्यावसायिकतेचं नीट सांगतो, कारण सगळं मूळ तिथे आहे.

लँकेशायरच्या गिरण्या कायद्याने शनिवारी दुपारीच सुटायच्या. म्हणजे हजारो माणसं, आठवड्याचा पगार खिशात आणि मोकळी दुपार. तिकीट लावलं की गल्ला जमायचा. गल्ला जमला की चांगला खेळाडू आणावासा वाटणार, आणि चांगले खेळाडू होते स्कॉटलंडमध्ये, कारण ते पास देऊन खेळत. इंग्लिश संघ तोवर चेंडू पायाशी घेऊन डोकं खाली घालून धावत सुटायचे.

फर्गस सुटर हा ग्लासगोचा पाथरवट. आधी डार्वेनला आला, १८८० मध्ये तिथून रोव्हर्सकडे. डार्वेन ते ब्लॅकबर्न अंतर चार-पाच मैल, पण त्या बदलाने दोन गावांत वैर पडलं. पैसे घेऊन खेळायला तेव्हा बंदी होती, त्यामुळे कागदावर नोकरी एक आणि खरी कमाई दुसरी.

१८८४ मध्ये प्रेस्टनने "हो, देतो पैसे" असं उघड कबूल केलं आणि त्यांना कपमधून काढलं. उत्तरेतले क्लब वेगळी संघटना काढायला निघाले तेव्हा एफए नमली आणि जुलै १८८५ मध्ये मान्यता दिली. पण अट घालून: कपमध्ये खेळणारा व्यावसायिक खेळाडू मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला तरी हवा, नाहीतर दोन वर्षं तिथे राहिलेला तरी. रोव्हर्सना या अटीचा फारसा फटका बसला नाही. सुटर केव्हाच तिथला रहिवासी झाला होता, आणि जेम्स फॉरेस्ट तर गावचाच. रोव्हर्सच्या १८८४ ते १८९१ मधल्या पाचही कपांत फॉरेस्ट होता.

१८८६ चा अंतिम सामना वेस्ट ब्रॉमशी ०–० सुटला. पुन्हा खेळवला तो डार्बीला, लंडनबाहेर पहिल्यांदाच, आणि रोव्हर्स २–० जिंकले. सलग तीन कप म्हणून एफएने चांदीची खास ढाल दिली. १८९० ला शेफिल्ड वेन्सडेला ६–१. त्यात विल्यम टाउनलीचे तीन गोल, कपच्या अंतिम सामन्यातली पहिली हॅटट्रिक.

जाता जाता: वर आलेला जॉन लुइस पुढे नावाजलेला पंच झाला. १९२० च्या ऑलिंपिकमधल्या अंतिम सामन्याला पंच तोच होता. चेकोस्लोव्हाकियाचा संघ त्याच्या निर्णयांवर चिडून अर्ध्यातच मैदान सोडून गेला. तेव्हा लुइस पासष्टीला टेकलेला.

कोपरा_किक

मैदान सोडून जाण्यावरून आठवलं, तो बर्नलीच्या बर्फातला किस्सा सांगा की आजोबा.

ऑफसाइड_आजोबा

१२ डिसेंबर १८९१, टर्फ मूर, बर्नलीचं मैदान. बर्फ आणि बोचरा वारा. मध्यंतराला रोव्हर्स ०–३ मागे. दुसऱ्या डावाला त्यांचे काही खेळाडू बाहेरच येईनात. थोड्या वेळाने रोव्हर्सचा लॉफ्टहाउस आणि बर्नलीचा स्टुअर्ट यांची हातघाई झाली, पंचाने दोघांनाही घालवलं. त्यांच्यापाठोपाठ रोव्हर्सचे उरलेले सगळे तंबूत. मैदानावर एकटा गोलरक्षक हर्बी आर्थर.

पंचाने खेळ सुरू केला. बर्नलीवाले चेंडू घेऊन आले, आणि आर्थरने हात वर करून ऑफसाइडची दाद मागितली! तेव्हाच्या नियमात पास घेणारा आणि गोल यांच्यात प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू लागायचे. इथे होता एकच. म्हणजे पुढे पास दिला की ऑफसाइड ठरणारच. नियमाने त्याचं बरोबर होतं. त्यानंतर तो फ्री किक घ्यायला मुद्दाम वेळ काढत बसला (घेऊन देणार तरी कुणाला?) आणि पंचाने सामना थांबवला.

तानाबाना

धागाकर्त्याने थैलीचं म्हटलंय, पण पहिली थैली कापडाची होती हे सांगितलं नाही. तिथेच आपला खरा संबंध आहे, व्यंकीजच्या शंभर वर्षं आधीचा.

लँकेशायरमध्ये कामाची वाटणी होती. सूतकताई बोल्टन-ओल्डहॅमकडे, विणकाम ब्लॅकबर्न-बर्नलीकडे. बर्नलीचे माग छपाईचं कापड विणत, ब्लॅकबर्नचे धोतर. हो, आपलं धोतर. काठ विणलेलं पांढरं, हलकं कापड, जवळजवळ सगळं हिंदुस्थानासाठी. विणताना ताणा तुटू नये म्हणून खळ लावत. पुढे कापूस वाचवायला आणि वजन भरायला खळीत चिनी माती घालायला लागले. धुतल्यावर कापड निम्मं व्हायचं, ही तक्रार आपल्याकडच्या बाजारात जुनीच. पहिल्या महायुद्धाआधी ब्लॅकबर्न हे विणकामाचं जगातलं एक मोठं केंद्र होतं, आणि एका गिऱ्हाइकावर उभं होतं.

क्लबचा त्या काळातला अध्यक्ष लॉरेन्स कॉटन. आडनावाप्रमाणेच सूतगिरणीवाला. १९०५ ला आला आणि हात सैल सोडला. नटाल स्ट्रीटच्या बाजूचा मोठा स्टँड १९०७ चा. जानेवारी १९१३ मध्ये वेस्ट हॅमकडून डॅनी शी, किंमत २,००० पौंड, तेव्हाचा विक्रम. संघाचा कणा होता बॉब क्रॉम्प्टन: उजवा बॅक, गावचाच, इंग्लंडकडून ४१ सामने. १९१२ आणि १९१४ ची लीग विजेतेपदं ही त्या थैलीची.

मग युद्ध. जहाजं बंद, इकडे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या, जपान आला, स्वदेशी आलं. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी डार्वेनला जाऊन राहिले ते याच बेकार विणकरांना भेटायला. १९३६ ला रोव्हर्सची पहिली घसरण. त्याच हंगामात तोवर कधीच न घसरलेला दुसरा संस्थापक क्लब ॲस्टन व्हिलाही खाली गेला.

हिशेबनीस

तानाबाना, कापडाचं सगळं मान्य. पण १९३६ थेट धोतराला बांधू नका. व्हिला बर्मिंगहॅमचा, तिथे कुणी धोतर विणत नव्हतं, तेही गेले. शिवाय १९२८ ला, मंदी सुरू असताना, रोव्हर्सनी हडर्सफील्डला ३–१ हरवून कप घेतला. आणि २ मार्च १९२९ ला बोल्टनविरुद्धच्या कप सामन्याला ईवुडवर ६२,५२२ माणसं होती, आजही तिथला विक्रम. गाव गरीब झालं होतं, पण दाराशी गल्ला अजून जमत होता.

तानाबाना

बरोबर, थेट नाही. पण कॉटन १९२१ ला गेला आणि त्याच्यानंतर तसा खर्च करणारा सत्तर वर्षं मिळाला नाही, एवढं तरी धरा.

कोपरा_किक

मधली वर्षं पटकन उरका हो, १९९५ ला या.

अर्धानिळा

उरकतो. १९६० ला कपचा अंतिम सामना, वुल्व्हसकडून ०–३. डेव्ह व्हेलनचा पाय मोडला, तेव्हा बदली खेळाडू नसत, त्यामुळे दहा जणांत उरलेला सामना. १९६१ ला खेळाडूंच्या पगारावरची २० पौंडांची मर्यादा उठली. छोट्या गावांच्या क्लबांना हा खरा घाव: तोवर ब्लॅकबर्न आणि लंडन सारखाच पगार देत होते. १९६६ ला पहिल्या श्रेणीतून खाली, १९७१ ला तिसरीत. १९७५ आणि १९८० ला तिथून वर. १९८७ ला वेम्ब्लीवर फुल मेंबर्स कप, चार्लटनला १–०, गोल कॉलिन हेंड्रीचा.

आणि जॅक वॉकर. गावचाच, वडिलांनी काढलेला पत्र्याचा छोटा धंदा भावाबरोबर वॉकरस्टील म्हणून वाढवला आणि ब्रिटिश स्टीलला ३० कोटी पौंडांहून जास्त किमतीला विकला. जानेवारी १९९१ मध्ये क्लब ताब्यात घेतला. त्याआधी रिव्हरसाइड स्टँडला पोलाद दिलं होतं. ऑक्टोबर १९९१ मध्ये लिव्हरपूलचा माजी मॅनेजर केनी डाल्ग्लिश याला मॅनेजर म्हणून दुसऱ्या श्रेणीत उतरायला राजी केलं. मे १९९२ ला प्लेऑफमध्ये (वर चढण्याच्या शेवटच्या जागेसाठीचे बाद सामने) लेस्टरला १–०, माइक न्यूएलची पेनल्टी. म्हणजे पहिल्याच प्रीमियर लीगच्या गाडीत शेवटच्या डब्यात चढले. ती गाडी चुकली असती तर पुढचं काहीच नाही.

पांढरी_बाही

१९९४–९५ वर मी लिहिते. "पैसे ओतले आणि जिंकले" हे अर्धंच आहे. पैसे ओतून हरलेले क्लब ढिगाने सापडतील. या पैशाने नेमकं काय घेतलं ते पाहा.

शिअरर, जुलै १९९२, साउदॅम्प्टनकडून सुमारे ३३ लाख पौंड. टिम फ्लॉवर्स, नोव्हेंबर १९९३, २४ लाख, गोलरक्षकाचा विक्रम. ख्रिस सटन, जुलै १९९४, नॉरिचकडून ५० लाख, इंग्लंडमधला विक्रम. म्हणजे मोठा पैसा गोल करणाऱ्यांवर आणि गोल अडवणाऱ्यावर. बाकी हेंड्री, शेरवुड, रिप्ली, विलकॉक्स, ल सो, बर्ग: त्यातलं कुणी तेव्हा तारा नव्हतं, विलकॉक्स तर क्लबच्याच तालमीतला.

खेळ सरळ ४–४–२ (चार बचावाला, चार मधे, दोन पुढे). दोन्ही विंगर रेषेला चिकटून. चेंडू मधून फिरवायचा नाही. बॅककडून विंगरला, विंगरने बॅकला चुकवून क्रॉस टाकायचा आणि पेटीत दोन उंच, ताकदवान फॉरवर्ड. एकाने पहिला चेंडू जिंकायचा, दुसऱ्याने त्याच्या मागे यायचं. शिअररचे ३४ लीग गोल, सटनचे १५. ४२ सामन्यांत २७ विजय, ८ बरोबरी, ७ पराभव, ८० गोल केले, ३९ खाल्ले, ८९ गुण.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. युएफा कपमध्ये स्वीडनच्या ट्रेलेबोर्गने त्यांना पहिल्याच फेरीत घालवलं, एफए कपमध्ये न्यूकॅसलने तिसऱ्या फेरीत. तेव्हा हसं झालं. पण वसंतात विजेतेपदाच्या शर्यतीतलं मँचेस्टर युनायटेड कप खेळत होतं आणि यांचे पाय ताजे होते.

शेवटचा दिवस, १४ मे १९९५. रोव्हर्स लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर, म्हणजे डाल्ग्लिशच्या जुन्या घरी. दोन गुणांनी पुढे, पण गोलफरक युनायटेडचा सरस. म्हणजे हे हरले आणि ते जिंकले तर गेलं. शिअररने आघाडी दिली, बार्न्सने बरोबरी केली, आणि भरपाई वेळेत जेमी रेडनॅपची फ्री किक आत: १–२. पण तिकडे अप्टन पार्कला वेस्ट हॅमचा गोलरक्षक मिक्लोश्को युनायटेडला काही केल्या दुसरा गोल करू देईना. १–१. हरूनही विजेते, ८९ विरुद्ध ८८.

डेव्हिड बॅटी त्या हंगामात दुखापतीने फक्त पाच सामने खेळला. "माझा हिस्सा नाही" म्हणून त्याने पदक घेतलं नाही. त्याच्या जागी वर्षभर राबला तो मार्क ॲटकिन्स.

कोपरा_किक

आणि पुढच्याच वर्षी चँपियन्स लीगमध्ये मॉस्कोत बॅटी आणि ल सो एकमेकांनाच ठोसे मारत होते. आपल्याच संघातले!

पांढरी_बाही

हो, स्पार्टाकविरुद्ध, सामना सुरू होऊन चार-पाच मिनिटंही झाली नव्हती. एकाच चेंडूवर दोघे धावले, आदळले, मग जुंपली. गटात स्पार्टाक, लेजिया, रोझेनबोर्ग. कागदावर सोपा गट, प्रत्यक्षात तळाला. कारणं उघड होती: विजेतेपदानंतर डाल्ग्लिश फुटबॉल संचालक होऊन वरच्या मजल्यावर गेला, मॅनेजर रे हार्फर्ड झाला, आणि त्या उन्हाळ्यात संघात भर जवळजवळ पडलीच नाही. सरळ ४–४–२ युरोपातल्या संघांनी दोन सामन्यांत वाचून टाकलं. शेवटच्या, निरर्थक सामन्यात न्यूएलने नऊ मिनिटांत तीन गोल केले.

जुलै १९९६ ला शिअरर न्यूकॅसलला, दीड कोटी पौंड, तेव्हाचा जागतिक विक्रम. १९९९ ला घसरण. १७ ऑगस्ट २००० ला वॉकर गेले. त्याच हंगामात मॅनेजर सूनेसच्या हाताखाली संघ परत वर आला. फेब्रुवारी २००२ ला कार्डिफमध्ये टॉटनहॅमला २–१, जॅन्सन आणि कोल, लीग कप.

बालेवाडीकर

आता तरी २०१० ला यायला हरकत नसावी. पुण्यात या विषयावर ऐकीव गोष्टीच फार. एवढं नक्की की व्यंकीजने १९ नोव्हेंबर २०१० ला क्लब घेतला, किंमत २ कोटी ३० लाख पौंड आणि वर क्लबचं कर्ज. विकणारी वॉकर ट्रस्ट. वॉकर गेल्यावर ट्रस्टने हात आखडता घेतला होता आणि काही वर्षं गिऱ्हाईक शोधत होती. ऑक्टोबर २०११ ला संघ पुण्यात येऊन पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामनाही खेळून गेला. ड्रेसिंग रूममध्ये बसून खेळाडू चिकन खातात अशी जाहिरातही निघाली होती. सामन्याआधी तळलेली तंगडी, कोणत्या आहारतज्ज्ञाने सांगितली कोण जाणे.

प्रश्न असा, की चुकलं कुठे? पैसे तर घातलेच ना?

हिशेबनीस

घातले, भरपूर घातले. वर्षाकाठी तोटा दीड-दोन कोटी पौंडांच्या घरात, तो मालकच भरत आलेत. आजवरचा आकडा २० कोटींच्या वर. "कंजूष मालक" हा आरोप निदान पहिल्या दशकाला लागू नाही. चूक पैशाच्या रकमेत नव्हती, क्रमात होती. एकेक घ्या.

पहिलं, १३ डिसेंबर २०१० ला सॅम ॲलर्डाइसला काढलं. संघ तेराव्या स्थानावर होता, धोका नव्हता. जागी आला स्टीव्ह कीन, हाताखालचा प्रशिक्षक, मॅनेजर म्हणून अनुभव शून्य. ज्यांना क्लब चालवायचं माहीत होतं ते अध्यक्ष आणि वरिष्ठ अधिकारीही पाठोपाठ गेले. जॅक वॉकर स्वतः स्टँडमध्ये बसायचे. इथे निर्णय साडेचार-साडेपाच तासांच्या फरकाने पुण्यातून.

दुसरं, ७ मे २०१२: विगनकडून घरी ०–१, ८७ व्या मिनिटाला गोल, पाऊस, आणि मैदानावर क्लबचा झेंडा पांघरलेली ती जिवंत कोंबडी. १९ वं स्थान, ३१ गुण.

तिसरं आणि सर्वांत महाग, २०१२–१३. प्रीमियर लीगमधून पडणाऱ्याला तेव्हा चार वर्षं उतरती रक्कम मिळायची. वर यायचं तर पहिल्या दोन वर्षांत, रक्कम मोठी असताना. यांनी जॉर्डन रोड्सवर ८० लाख घातले, त्याने २७ लीग गोल करून ते फेडलेही. पण एका हंगामात कीन, मग हंगामी एरिक ब्लॅक, मग हेनिंग बर्ग ५७ दिवस, मग हंगामी बोयर, मग मायकेल ॲपलटन ६७ दिवस, मग परत बोयर.

बर्गचा करार मुद्दाम वाचण्यासारखा. तीन वर्षांचा, आणि त्यात कलम असं की मधेच काढलं तर उरलेल्या मुदतीचा पूर्ण मूळ पगार द्यायचा. दहा सामन्यांत एक विजय, काढलं. क्लबने आधी देणं मान्य केलं, मग म्हणाला की ज्या अधिकाऱ्याने करार केला त्याला तसा अधिकारच नव्हता. न्यायालयाने ऐकलं नाही: २२ लाख ५० हजार पौंड. असल्या करारात साधारणपणे "सहा किंवा बारा महिन्यांचा पगार" अशी वरची मर्यादा घालतात. ती ओळ नव्हती, इतकंच.

चौथं, खर्चाचे नियम. २०१३–१४ साठी चँपियनशिपमध्ये (प्रीमियर लीगखालची दुसरी श्रेणी) तोट्याची मर्यादा वर्षाला ८० लाख होती. ती कितीतरी पटीने ओलांडली, म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये खेळाडू घेण्यावर निर्बंध. त्यानंतरचा नियम असा: तीन वर्षांत मिळून ३ कोटी ९० लाखांपर्यंत तोटा चालतो, पण त्यातला दीड कोटींच्या वरचा भाग मालकाने भागभांडवल म्हणून घालायचा, कर्ज म्हणून नाही. अकादमी, महिला संघ, मैदान यांवरचा खर्च यातून वगळतात. म्हणून रोव्हर्स पहिल्या दर्जाची अकादमी इतक्या हट्टाने धरून आहेत. खर्च हिशेबात धरला जात नाही आणि विक्री पूर्ण नफा धरली जाते. ॲडम व्हार्टन फेब्रुवारी २०२४ ला क्रिस्टल पॅलेसला सुमारे १ कोटी ८० लाखांना गेला, पुढची रक्कम वेगळी. घरचाच पोरगा, पुस्तकात त्याची किंमत शून्य, म्हणजे आलेला पैसा अख्खा नफा.

अर्धानिळा

२०१७ विसरलात. ७ मे, परत तीच तारीख! ब्रेंटफर्डला ३–१ हरवूनही तिसऱ्या श्रेणीत. ५१ गुण, नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही ५१. गोलफरक यांचा उणे १२, त्यांचा उणे १०. प्रीमियर लीग जिंकून तिसऱ्या श्रेणीत गेलेला पहिला क्लब. मॅनेजर मोब्रेने एका वर्षात वर आणलं, ९६ गुण.

पांढरी_बाही

आणि २०२३. ६९ गुण, संडरलंडचेही ६९, प्लेऑफची सहावी जागा गोलफरकावर त्यांना. शेवटच्या दिवशी मिलवॉलला १–३ वरून ४–३ हरवूनही सातवेच. २०२५ ला परत सातवे, दोन गुणांनी.

२०२३ चं दुखणं मात्र जानेवारीतलं. मधल्या फळीसाठी फॉरेस्टचा लुइस ओब्रायन उसना ठरला होता. कागद खेळाडू घेण्याच्या मुदतीनंतर पोचले, लीगने नाकारले, अपीलही गेलं. एक मधला खेळाडू कमी पडला आणि हंगाम गोलफरकावर गेला. त्याच्यामुळेच, असं म्हणणार नाही, पण डोळ्यांत खुपतंच.

कोपरा_किक

कागद उशिरा म्हणजे नक्की काय होतं? ईमेलच करायचा ना?

हिशेबनीस

एक ईमेल नसतो. देशांतर्गत उसन्या खेळाडूसाठी दोन्ही क्लब आणि खेळाडू यांच्या सह्यांचा करार आणि नोंदणीचा अर्ज, हे सगळं मुदतीच्या ठोक्याआधी लीगकडे पूर्ण हवं. एक सही राहिली तरी अपूर्णच. बोलणी संध्याकाळी संपतात, म्हणून सगळे अर्ज शेवटच्या तासात.

परदेशी खेळाडू असेल तर वर फिफाची संगणक प्रणाली. दोन्ही क्लबांनी स्वतंत्रपणे माहिती भरायची, आणि ती जुळली तरच पुढे सरकतं. कायमचा सौदा ऐन वेळी उसना केला तर सगळे रकाने पुन्हा भरावे लागतात. फेब्रुवारी २०२४ ला ऑर्लँडोच्या डंकन मॅग्वायरचं हेच झालं: कायमचा होता, उसना केला, अर्जात चूक राहिली, पोरगा इंग्लंडला येऊन परत गेला. लागोपाठ दोन हिवाळी मुदतींत एकच प्रकार.

बालेवाडीकर

आणि पैसे पाठवण्याचा दिल्लीचा प्रश्न?

हिशेबनीस

परकीय चलनाच्या कायद्याखाली ईडीची चौकशी लागली. त्यामुळे कंपनीला क्लबसाठी रक्कम पाठवायची तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागायला लागली, तीही तेवढ्याच रकमेची बँक हमी ठेवून. म्हणजे एक कोटी पाठवायचे तर दोन कोटी अडकले. २०२३ नंतर खरेदी अचानक का थांबली, सॅमी स्मॉडिक्स २७ लीग गोल करूनही लगेच इप्सविचला का विकला, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. निकाल लागेपर्यंत दोष कुणाचा हे आपण ठरवू नये. परिणाम मात्र दिसतोय.

तानाबाना

म्हणजे तेव्हा तिकडचं कापड इकडच्या बाजारावर अवलंबून, आता तिकडचा संघ इकडच्या न्यायालयाच्या तारखेवर. धागाकर्त्याची थैली फक्त जागा बदलून आली.

कोपरा_किक

शेवटचा प्रश्न. मँचेस्टरला जाणं होणार आहे. ईवुड पाहायचं तर कसं जायचं आणि काय बघायचं?

अर्धानिळा

मँचेस्टर व्हिक्टोरियाहून बोल्टन-डार्वेनमार्गे ब्लॅकबर्नची गाडी. स्टेशनपासून मैदान दक्षिणेला दीड मैल, चालत अर्धा तास. प्रेस्टनकडून येत असाल तर मिल हिल स्टेशन जवळ पडेल. ब्लॅकबर्न एंडच्या बाहेर वॉकरांचा पुतळा आहे. तीन बाजू १९९२ ते ९४ मध्ये त्यांनी नव्याने बांधल्या, त्यासाठी नटाल स्ट्रीटवरची घरं विकत घेऊन पाडली. चौथी बाजू रिव्हरसाइड, १९८८ ची, बाकीच्यांपेक्षा ठेंगणी, मागे डार्वेन नदी. छपराचे खांब मधे येतात म्हणून जागा पुढच्या रांगांत घ्या.

क्षमता ३१,३६७ आणि हल्ली निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या असतात, त्यामुळे बर्नलीचा सामना सोडला तर तिकीट आयत्या वेळी मिळतं. फक्त डार्वेन एंडचं काढू नका, ती पाहुण्या संघाची बाजू आहे.